मामा, भाचा आणि रक्ताचे नाते

(गोलबाजार येथील आपल्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी डिप्लोमा झालेला माणूस, रेलपथ विभागात रुळांची देखभाल करतो. माझे व्याख्यान ऐकायची सवय फक्त माझ्या ट्रॅकमनना आहे आणि त्यांचाही नाइलाज असतो. पण आपले सचिव म्हणाले, "तुम्ही घरात जे बोलता तेच बोला." म्हणून आज घरातलीच गोष्ट घेऊन आलो आहे. विषय मोठा आहे : माणूस समाजात जसा वागतो तो जन्मजात स्वभावाने की संस्काराने? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो माझ्या घरी आला, माझ्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून.

सुरुवात मामापासून करतो. आपल्याकडे आकाशातल्या चंद्रालासुद्धा आपण मामा करून ठेवले आहे. गदिमांच्या गाण्यातली मुले आगगाडीत बसून मामाच्याच गावाला जातात. त्या गाडीखालचा रूळ सरळ ठेवणे हे माझे पोटापाण्याचे काम, म्हणून ते गाणे मला जरा जास्तच जवळचे आहे. लग्नात नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा. आणि मामा समोर आला की भाचा त्याच्या पाया पडतो. हे आपल्याला इतके सवयीचे आहे की जगात दुसरी काही रीत असेल असे वाटतच नाही.

आता रायपूरला या. इथे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा चार वर्षांचा असला तरी आणि मामाच्या मिशा पांढऱ्या झालेल्या असल्या तरी. लोकश्रद्धा अशी की कौसल्या ही दक्षिण कोसलची, म्हणजे या भूमीची लेक. जवळच चंदखुरीला तिचे मंदिर आहे. म्हणजे प्रभू रामचंद्र सगळ्या छत्तीसगढचे भाचे झाले, "भांचा राम". मग प्रत्येक भाच्यात रामाचा अंश पाहायचा.

माझा भाचा आठ वर्षे आमच्या घरी राहिला, तेव्हाची गोष्ट सांगतो. भावजींच्या सारख्या बदल्या होत, म्हणून ताईने त्याला चौथ्या वर्षी आमच्याकडे ठेवले. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. एकदा त्याने कपाटाची काच फोडली आणि मी हात उगारला. आमच्या गँगमधले एक वयस्क ट्रॅकमन दारात उभे होते. त्यांनी माझा हात धरला. "भांचा ल नइ मारय साहेब, पाप लगथे." साहेबाचा हात धरण्याची हिंमत त्या माणसाने नोकरीत दुसऱ्या कशासाठीही केली नसती. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की नाते तेच असते, पण त्याचा कायदा प्रदेशागणिक बदलतो.

रेल्वे कॉलनीत हा बदल शाळेत न जाताही शिकता येतो. आमच्या शेजारी तेलुगू कुटुंब होते. त्यांच्यात मोठ्या बहिणीच्या मुलीशी, म्हणजे सख्ख्या भाचीशी मामाचे लग्न होऊ शकते. आपल्या मराठी लोकांत बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. गोंड समाजात मामे-आतेभावंडांच्या लग्नाला "दूध लौटावा" म्हणतात. एका घरची लेक दिली, तिचे दूध पुढच्या पिढीत परत आले, असा त्याचा अर्थ. आणि उत्तर हिंदुस्थानी शेजाऱ्यांना यातले काहीही सांगितले की ते कानावर हात ठेवतात. त्यांच्या लेखी ती सारी भावंडेच. एक कॉलनी, एकच पाण्याची टाकी, आणि मामा या एका माणसाचे चार अवतार.

या कोड्यावर आयुष्यभर काम केलेली एक मराठी बाई होऊन गेली : इरावती कर्वे. आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी, म्हणून मुद्दाम सांगतो की इरावतीबाईंचा जन्मही महाराष्ट्राबाहेरचा. 1905 साली ब्रह्मदेशात, म्यिंज्यान गावी. इरावती नदीवरून नाव ठेवले. महर्षी कर्व्यांच्या त्या सूनबाई. "युगान्त"मुळे त्या घरोघर माहीत झाल्या, पण त्यांचा मूळ धंदा मानववंशशास्त्राचा. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे मोठे पुरस्कर्ते, पुढे नाझींना जवळचे झालेले. माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते, त्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, असा त्यांचा कयास होता. इरावतीबाईंनी एकेक कवटी मोजली आणि लिहून दिले की असा संबंध दिसत नाही. परदेशात, परक्या भाषेत, स्वतःच्या गुरूच्या मताविरुद्ध! मोजमाप करणाऱ्या माणसाला मोजमापाशी इमान कसे राखावे हे त्यांच्याकडून शिकावे. आम्हीही गेज मोजतो. साहेबाला आवडेल असा आकडा लिहिला तर गाडी रुळावरून घसरते.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी देशभर फिरून दोन प्रकारची सामग्री गोळा केली. एकीकडे लोकांच्या डोक्याची नि शरीराची मापे, म्हणजे जीवशास्त्र. दुसरीकडे नात्यांचे शब्द आणि लग्नाचे नियम, म्हणजे संस्कृती. 1953 साली त्यांचा भारतीय आप्तसंबंधांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे देशाचे नात्यांचे चार पट्टे त्यांनी दाखवले. महाराष्ट्र मध्य पट्ट्यात, उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावर. म्हणून आपली रीतही सांध्यावरची : उत्तरेसारखी पूर्ण बंदी नाही, दक्षिणेसारखी पूर्ण मोकळीक नाही. आणि याचा पुरावा आपल्या जिभेवर आहे. जुन्या बायका सासूला "आत्याबाई" आणि सासऱ्याला "मामंजी" म्हणत. आत्याच्या घरी भाची सून म्हणून जायची, म्हणून सासूचे नाव आत्या. रीत विसरली तरी शब्द विसरत नाही. महाभारतात तरी काय, सुभद्रा अर्जुनाच्या मामाचीच मुलगी.

आता तराजूची दुसरी बाजू पाहू. मामाचे भाच्यावर प्रेम का असते? 1964 साली विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने याचे गणित मांडले. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा जनुकांचा वारसा समाईक असतो, मामा-भाच्यांत पाव, मामे-आते-चुलत भावंडांत एक अष्टमांश. नात्यातल्याला मदत केली की आपलाच वारसा अंशाने पुढे जातो. म्हणून मुंगीपासून माणसापर्यंत जवळच्यासाठी झिजण्याची ओढ निसर्गात टिकून राहिली. जे.बी.एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या नावावर एक विनोद सांगतात, की मी दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी जीव द्यायला तयार आहे. हे हाल्डेनसाहेब 1957 साली भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरलाच वारले.

गणित सुंदर आहे. पण माझ्यासारख्या डिप्लोमावाल्यालाही त्यात एक अडचण दिसते. पाव हिस्सा पुण्यातही पाव आणि रायपुरातही पावच. मग एका ठिकाणी भाचा वाकतो, दुसऱ्या ठिकाणी मामा का वाकतो? केरळात तर त्रावणकोरचे सिंहासन राजाच्या मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जाई. जीवशास्त्र म्हणते, मामा-भाचा जवळचे. जवळ येऊन काय करायचे, हे जीवशास्त्र सांगत नाही. ते ज्या त्या मुलखाची माणसे ठरवतात.

माझ्या रुळाचा दाखला देतो. लोखंड उन्हात वाढते. रायपूरच्या मे महिन्यात रूळ हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त तापतो. एक किलोमीटर रूळ चाळीस अंशांनी तापला तर मोकळा सोडल्यास जवळजवळ 46 सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट लांबेल. हा निसर्गाचा नियम, यात संस्कृतीचे काही चालत नाही. पण आपल्या आजोबांच्या काळी दर तुकड्याच्या टोकाला फट ठेवत, म्हणून गाडी खटक-खटक वाजे. आज आम्ही तुकडे जोडून लांबच लांब अखंड रूळ टाकतो, फट नाही, आवाज नाही. वाढू पाहणारा रूळ स्लीपर आणि खडी धरून ठेवतात. नियम एक, उत्तरे दोन, दोन्ही बरोबर. मात्र खडी कमी पडू दिली, तर दुपारी रूळ सापासारखा वाकतो. संस्कृतीला उत्तर निवडण्याची मोकळीक आहे. प्रश्नच नाही असे समजण्याची मोकळीक नाही.

आता माझ्या घरचा वाकलेला रूळ.

चार वर्षांपूर्वी ताईचा वर्ध्याहून फोन आला. भाचा शिकून पुण्याला नोकरीला लागला होता. ताई म्हणाली, "अरे बाळ्या, तुझी लेक मला दे. बाहेरची कशाला शोधू?" मला आनंदाने भरून आले. आमची आईसुद्धा आमच्या वडिलांच्या मामाचीच मुलगी. घरातली रीत, पाहिलेला मुलगा, माझ्याच अंगाखांद्यावर खेळलेला. मी फोनवरच "हो" म्हणून टाकले. मुलीला विचारायचे राहून गेले. राहून गेले असे आज म्हणतो. खरे म्हणजे विचारायला हवे हे सुचलेच नाही.

मुलगी ऐकून गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, मी त्याचं नाक पुसलंय, त्यानं माझं. एका ताटात जेवलो. मला कसंतरीच होतं हो." मी रागावलो. म्हटले, आपल्यात चालते. ती म्हणाली, "तुमच्यात चालत असेल. मी रायपूरची आहे. इथे मी त्याला राखी बांधलीय." मला वाटले, पोरगी इथल्या हिंदीवाल्यांत वाढून आपली रीत विसरली. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, माझ्याच्यानेपण होणार नाही. पण आईला मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगा ना." म्हणजे दोघांचेही मन एकच होते, आणि दोघांवरचा भार आता माझ्यावर होता.

मी ताईला फोन केला आणि सांगितले की माझाच विचार बदलला. भाच्याचे नाव घेतले नाही. ताई एवढेच म्हणाली, "आपले आईबाबा कोण होते रे मग?" आणि फोन ठेवला. त्यानंतर दोन भाऊबिजा माझ्या कपाळाला टिळा लागला नाही.

त्या काळात मी याचे उत्तर शोधत होतो. आपल्या आईबाबांना जे जमले ते या मुलांना का जमू नये? उत्तर मिळाले ते एका फिनलंडच्या माणसाकडून. एडवर्ड वेस्टरमार्क यांनी 1891 साली लिहून ठेवले आहे की जी मुले अगदी लहानपणी एकत्र वाढतात, त्यांना मोठेपणी एकमेकांविषयी तसे आकर्षण वाटत नाही. मग ती रक्ताची असोत वा नसोत. हे पुढे दोन ठिकाणी तपासले गेले. इस्रायलच्या सामूहिक वस्त्यांत वेगवेगळ्या घरांची मुले एकत्र पाळणाघरात वाढत. जोसेफ शेफर यांनी 1971 साली सुमारे पावणेतीन हजार विवाहांची माहिती तपासली. पहिली सहा वर्षे सलग एकाच गटात वाढलेल्या मुलामुलींचे आपसात एकही लग्न त्यात सापडले नाही. त्यांना कोणी मनाई केली नव्हती. तैवानमध्ये उलट प्रकार होता. तिथे तान्ही मुलगी घरात आणून होणाऱ्या नवऱ्याबरोबर वाढवत. आर्थर वुल्फ यांना दिसले की अशा जोडप्यांत काडीमोड जास्त झाले आणि मुले कमी झाली. रीतीने लग्न लावून दिले, पण मन लावता आले नाही.

आमची आई लग्नाआधी वडिलांना सणासुदीला दोन-चार वेळा भेटली असेल. ती मामाची मुलगी होती, पण बहिणीसारखी वाढली नव्हती. माझी मुलगी आणि भाचा एका पांघरुणात वाढले. नकाशावर नाते तेच होते, निसर्गाच्या वहीत वेगळे लिहिले गेले होते. आणि तो नकाशा मीच बदलला होता, भाच्याला घरी ठेवून घेतले त्या दिवशी. मुलगी रीत विसरली नव्हती. ताईही चुकली नव्हती. दोघींच्या मध्ये मी न विचारता "हो" म्हणालो, ही चूक माझी.

आता शेवटचा आणि जरा अवघड भाग. नात्यातली लग्ने वाईटच, असे मी म्हणत नाही. मी स्वतः अशा लग्नाचा मुलगा आहे आणि तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे. आमचे एक भावंड लहानपणी गेले. कशाने, हे तेव्हा कोणी तपासले नाही. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे अकरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास होऊन 2013 साली निष्कर्ष आले. सर्वसाधारणपणे शंभरातल्या तीन बाळांत जन्मजात दोष आढळतो, सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात सुमारे सहांत. म्हणजे दुप्पट, पण चौऱ्याण्णव बाळे ठीकच. घाबरून जाण्याचा हा आकडा नाही, डोळे मिटून घेण्याचाही नाही.

पण नात्यात लग्न टाळले म्हणजे सुटलो, असे मात्र समजू नका. आपण सगळे जातीत लग्न करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितले होते की जातीचे मर्म म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. आज जनुकशास्त्रज्ञ रक्त तपासून तेच सांगतात : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपर्यंत या देशातले लोक मोठ्या प्रमाणात मिसळत होते, मग कुंपणे पडली आणि ती आपल्या रक्तात दिसतात. संस्कृतीने जीवशास्त्रावर लिहिलेले हे अक्षर आहे.

त्याचे आपल्या भागातले उदाहरण म्हणजे सिकल सेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या वाकड्या होतात. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी 1910 साली त्या प्रथम वर्णन केल्या. 1954 साली ॲलिसन यांनी दाखवले की या दोषाची एकच प्रत असली तर माणूस मलेरियापासून बराच वाचतो. म्हणून जंगल आणि मलेरियाच्या पट्ट्यात तो टिकला. विदर्भ आणि छत्तीसगढ दोन्ही त्या पट्ट्यात येतात. एका प्रतीचा माणूस वाहक असतो, आजारी नसतो. पण दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता आजारी मुलाची. त्या मुलाच्या हाडांच्या वेदना मी एका सहकाऱ्याच्या घरी पाहिल्या आहेत. त्याविषयी मंडपात बोलवत नाही.

माझी मुलगी कॉलेजच्या शिबिरात तपासली गेली, वाहक निघाली. मग मी तपासून घेतले, मीही वाहक. पन्नाशीला आलो तरी पत्ता नव्हता. तिच्यासाठी एक स्थळ आले, पत्रिका जुळली. मी मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट मागितला आणि आमचाही दाखवला. त्यांनी निरोप पाठवला, मुलीत खोट आहे. बायको रडली. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनीही तपासलं असतं तर बरं झालं असतं, माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी." पुढच्या स्थळाच्या मुलाने स्वतःहून तपासणी करून कागद पाठवला. तो आज माझा जावई आहे.

रक्ताच्या नात्याबद्दल इतके बोललो, पण याच मातीत रक्ताशिवायचे नातेही आहे. छत्तीसगढमध्ये "मितान" बदतात. कोणी जगन्नाथाचा महाप्रसाद देऊन महापरसाद होतो, कोणी गंगाजल होतो, बायका भोजली एकमेकींच्या कानावर खोवून भोजली होतात. जात वेगळी असली तरी चालते आणि नाते जन्मभर निभावतात. हॅमिल्टनच्या गणितात या नात्याचा वाटा शून्य येतो, तरी सुखदुःखात मितानच धावून येतो. 2002 साली इथे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या गेल्या तेव्हा त्यांना नाव दिले "मितानिन". नात्याचा शब्द वापरला की काम नोकरीचे राहत नाही, हे सरकारलाही कळले म्हणायचे. आपणही इथे रक्ताचे थोडे आणि मंडपाचे जास्त नातेवाईक आहोत. आजोबांची पिढी बंगाल-नागपूर रेल्वेबरोबर इकडे आली तेव्हा त्यांचे सगे दूर राहिले. बारशापासून खांद्यापर्यंत सगळे मंडळानेच केले.

त्याच मंडळाकडे माझी एक विनंती आहे. आपल्या रायपुरात सिकल सेलसाठी स्वतंत्र संस्था आहे. 1 जुलै 2023 पासून देशभराचे अभियानही सुरू झाले आहे. पुढच्या उत्सवात महाप्रसादाच्या दिवशी एक टेबल रक्ततपासणीचे लावावे. लग्नाच्या सामानाच्या खरेदीसाठी अख्खे शहर या गोलबाजारात येते. हळद-कुंकू, बांगड्या, मुंडावळ्या सारे इथे मिळते. तपासणीचा कागदही त्या यादीत जाऊ द्या. आणि ज्याच्या कागदावर "वाहक" लिहिलेले येईल, त्याच्याकडे खोट म्हणून पाहू नका. पहिला कागद मी माझा दाखवतो, मंचावरून दाखवला आहेच.

ताईचे सांगायचे राहिले. भाच्याने शेवटी स्वतःच आईला खरे सांगितले. गेल्या भाऊबिजेला ती आली. दारातच म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटले, "भांचा ल नइ मारय." तिला छत्तीसगढी येत नाही, तिने अर्थ विचारला नाही. पाट मांडला आणि ओवाळले. नंतर भाचा आत आला. तो सवयीने माझ्या पाया पडायला वाकला आणि मी, इतकी वर्षे इथे राहिलेला माणूस, त्याच्या पाया पडायला वाकलो. दोघांची डोकी आपटली. ताई हसली, दोन वर्षांनी.

गणपती बाप्पा मोरया!